हेल्मेटखाली हेअर एक्स्टेन्शन्स घालून घोडेस्वारी: कसं जमवता?

रानजाई (धागाकर्ती)

पुण्यात घोडेस्वारी शिकते आहे. ट्रॉट (दुडकी चाल) बऱ्यापैकी जमतो, कँटर (त्याहून वेगाची दौड) नुकता सुरू झालाय. पीसीओएसमुळे (हार्मोनच्या बिघाडाचा विकार) माझे केस भांगापाशी आणि कानशिलांवर फार विरळ झालेत. उपचार चालू आहेत, रोज रात्री मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध लावते. शिवाय टेपवाले एक्स्टेन्शन्स (मुळांपाशी चिकटपट्टीने जोडायचे केस) लावून घेतले आहेत, ते पाठीपर्यंत येतात.

अडचण अशी की माझ्या मापाच्या हेल्मेटमध्ये हे केस मावत नाहीत, म्हणून क्लबमध्ये मला एक साइज मोठं हेल्मेट मिळतं. कँटरला ते कपाळावर उतरतं. तास संपेपर्यंत टेपच्या जागा ठणकायला लागतात आणि दर वेळी एखाद-दुसरी बट सुटून हातात येते.

"काढून टाक ते" हा सल्ला घरी आणि क्लबमध्ये, दोन्हीकडे मिळालाय. केस आणि स्वारी दोन्ही सांभाळता येईल का, आणि येत असेल तर कसं, हे अनुभवी लोकांकडून हवं आहे. कोणी स्वारी करणाऱ्या, कोणी पार्लर चालवणाऱ्या असाल तर जरूर लिहा.

रिकीब

रानजाई, आधी ते मोठं हेल्मेट बदला. केसांचं आपण नंतर सविस्तर बोलू, पण तोवर त्या हेल्मेटमध्ये कँटर करू नका, ही विनंती.

मी लहान मुलांना आणि नव्याने शिकणाऱ्या बायकांना स्वारी शिकवते. हेल्मेटचं माप डोक्यावरून ठरतं. बाहेर कडक कवच आणि आत ईपीएसचा जाड थर असतो. थर्मोकोलच्याच जातीचा, पण बराच घट्ट. माणूस पडतो तेव्हा खरं काम हा आतला थर करतो. तो चिरडला जातो आणि त्या चिरडण्यात धक्क्याचा बराचसा जोर खर्ची पडतो. त्यासाठी डोकं त्याला सगळ्या बाजूंनी सारखं टेकलेलं लागतं. मध्ये केसांचा जाड थर आला की पाच-दहा मिनिटांत तो दबतो, घामाने बसतो, आणि सुरुवातीला घट्ट वाटलेलं हेल्मेट ढिलं होतं. तुमचं कपाळावर उतरतं ते यामुळेच. आणि मध्ये कडक काही असेल, म्हणजे क्लिप, चिमटा, धातूची रिंग, तर आपटल्यावर सगळा जोर कवटीच्या तेवढ्याच ठिकाणी येतो.

उंचीचाही विचार करा. १५ हँडचा घोडा (१ हँड म्हणजे ४ इंच) खांद्यापाशी ५ फूट भरतो. त्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण ८ फुटांवर असतं, आणि ते पडतं तेव्हा घोडा पळत असतो.

माप असं तपासा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. हनुवटीचा पट्टा न लावता मान खाली घालून डोकं हलवा, हेल्मेट जागेवर राहायला हवं. मग हाताने धरून पुढेमागे करा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर ते बसलंय. नुसतं केसांवरून घसरत असेल तर नाही. काही हेल्मेटना मागे फिरवायची चकती असते. ती आवळल्याने पट्टा घट्ट होतो, कवचाचं माप बदलत नाही. म्हणून "मोठं घेते आणि आवळते" हा मार्ग नको.

क्लबचं हेल्मेट कितीदा आपटलंय हे कुणालाच सांगता येत नाही, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद असतं. जमेल तेव्हा स्वतःचं घ्या. आत एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५, व्हीजी१ किंवा ईएन १३८४ यांपैकी मानकाचा शिक्का बघा. सायकलचं किंवा स्कूटरचं हेल्मेट स्वारीसाठी चालत नाही. आणि घ्यायला जाताना, स्वारीला रोज जसे केस बांधणार आहात तसेच बांधून जा.

वेणीफणी

रिकीबताईंनी हेल्मेटचं सांगितलं, मी केसांचं सांगते. ठाण्यात ब्रायडलचं आणि एक्स्टेन्शन्सचं काम करते. माझ्याकडे स्वारी करणाऱ्या दोघी येतात, एक पोहणारी आहे, एक भरतनाट्यमवाली. घाम, ओढ आणि दाब या तिन्ही गोष्टी सांभाळून काम करावं लागतं.

क्लिपवाले, टॉपर (भांग झाकायला वरून लावायचा केसांचा तुकडा) आणि नायलॉनच्या दोऱ्यावर बसणारे हेलो, हे सगळे स्वारीआधी काढायचे. यात तडजोड नको. काढायला दोन मिनिटं लागतात. ते लावणाऱ्या बायकांसाठी हीच सोय मोठी आहे.

मायक्रो रिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमची बारीक नळी केसांवर चेपलेली असते. केराटिन बाँडमध्ये केस चिकटवणारा दाणा तांदळाएवढा आणि कडक असतो. दोन्ही हेल्मेटच्या पट्टीखाली टोचतात. शिवून बसवायच्या प्रकारात आधी डोक्यालगत बारीक वेण्या घालतात आणि त्यावर केसांची पट्टी शिवतात. त्याने उंचवटा येतो, आणि तुमच्यासारख्या विरळ केसांना तो भार झेपणारही नाही.

राहिला टेप. स्वारीसाठी त्यातल्या त्यात हाच बरा, कारण तो सपाट बसतो. पण लावायची जागा बदलायला हवी. हेल्मेट डोक्याला कपाळावरून, कानांच्या वरून आणि मागच्या फुगवट्याखालून असं गोल टेकतं. त्या पट्ट्यात एकही टेप नको. तुमचं हेल्मेट घेऊनच पार्लरला जा. डोक्यावर ठेवून कडेने पेन्सिलने खूण करून घ्या आणि त्या खुणेच्या आसपास दोन बोटं जागा मोकळी सोडायला सांगा. "सँडविच" (आपली बट दोन केसांच्या पट्ट्यांमध्ये चिकटवणं) न करता एकाच बाजूला केस आणि दुसऱ्या बाजूला नुसती पातळ पट्टी, असंही लावता येतं. वजन आणि जाडी दोन्ही निम्म्यावर येतात.

लांबीही कमी करा. खांद्याच्या थोडं खाली पुरे. पाठीपर्यंतच्या केसांची वेणी जाड होते आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्न उरतोच.

नवे टेप लावल्यावर ४८ तास घाम नको, धुणं नको, म्हणजे स्वारीही नको. नेहमी ६ ते ८ आठवड्यांनी टेप वर सरकवून पुन्हा लावतात. घाम येत असेल तर आठवा आठवडा गाठू नका. स्वारीनंतर मुळांशी गार हवेचा ड्रायर फिरवा. ओले केस बांधून ठेवू नका. टेपच्या जागी तेल नको.

एक गोष्ट बायका विचारत नाहीत म्हणून सांगते. स्वस्त केसांवर सिलिकॉनचा मुलामा असतो. ते फार गुळगुळीत असतात आणि हेल्मेट त्यावरून जास्त घसरतं. चांगले रेमी केस, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत एकाच दिशेने ठेवलेले, थोडे महाग पडतात. ते आपल्याच देशातून जगभर जातात. तिरुमलाला भाविकांनी वाहिलेल्या केसांचा देवस्थान ई-लिलाव करतं. कुणाच्या तरी नवसाचे केस आहेत ते, नीट वापरावेत असं मला मनापासून वाटतं.

त्वचावैद्य_सांगली

रानजाई, तुमच्या पोस्टमध्ये एका वाक्यात कारण सापडतंय. तुम्ही रोज रात्री मिनॉक्सिडिल लावता. त्याच्या द्रावणात अल्कोहोल असतं आणि बऱ्याच द्रावणांत प्रॉपिलीन ग्लायकॉलही. दोन्हींनी टेपचा गोंद मऊ पडतो. बटा सुटतात त्याला नुसता घाम कारण नसावा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. फेस येणारा प्रकार, लावायची जागा किंवा दुसरा उपचार यांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि एक्स्टेन्शन्स लावता हे त्यांना स्पष्ट सांगा. पुष्कळ रुग्ण संकोचाने सांगत नाहीत.

ठणका हलक्यात घेऊ नका. केस सतत ओढले जाऊन गळतात त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. आधी मुळांशी दुखतं, मग बारीक पुटकुळ्या येतात, मग कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला आखूड तुटके केस दिसतात. या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळं कायमची जातात. तुमची कानशिलं आधीच विरळ आहेत, तिथे एक्स्टेन्शन लावूच नका, हेल्मेट असो वा नसो. टेप उतरवल्यावर नवे लावण्याआधी एखादा महिना डोकं मोकळं ठेवा.

अजून एक, पडण्याच्या प्रसंगाचं. डोक्याला मार लागला तर सीटी किंवा एमआरआय होतो. धातूच्या क्लिप आणि रिंगांमुळे सीटीची प्रतिमा खराब होते. एमआरआयच्या खोलीत तर लोखंडी क्लिप नेताच येत नाही. बेशुद्ध माणसाच्या केसांतून एकेक काढत बसण्यात वेळ जातो. तुमच्या सोबत स्वारी करणाऱ्या मैत्रिणीला माहिती असू द्या की केसांत काय आहे आणि कुठे आहे.

क्लबचं हेल्मेट वापरत असाल तोवर आत पातळ सुती टोपी घाला. उवा आणि नायटा दोन्ही सामायिक हेल्मेटमधून येऊ शकतात. टोपी पातळच हवी. जाड स्कार्फने पुन्हा मापाचा घोळ.

मोकळीहवा

सगळ्यांचं वाचलं, माहिती छान आहे. तरी मनात येतं ते लिहिते, राग मानू नका. जिथे पडून जीव जाऊ शकतो तिथे जाताना केसांचा विचार करावाच का? विरळ तर विरळ. घोड्याला काय फरक पडतो? आपणच आपल्याला मोकळं करायला नको का?

रानजाई

मोकळीहवा, राग अजिबात नाही. घोड्याला फरक पडत नाही, म्हणूनच तर तिथे जायला आवडतं. पण हेल्मेट काढल्यावर घामाने चिकटलेले केस आणि मधली दिसणारी टाळू घेऊन मला तिथूनच ऑफिसला जायचं असतं. केस गळायला लागल्यावर मी गाणं सोडलं, कारण स्टेजवर वरून दिवे पडायचे. आता घोडा सोडायचा नाही, एवढंच ठरवलं आहे. एक्स्टेन्शन्स लावल्याने मी घराबाहेर पडते. ते काढायला सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

त्वचावैद्य, मिनॉक्सिडिलचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

हडसनपार

न्यू जर्सीत राहते. मोकळीहवा यांचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं. दिसण्यासाठी डोकं धोक्यात घालण्याची सवय या खेळाला फार जुनी आहे, आणि ती विरळ केसांच्या बायकांनी आणलेली नाही. वरच्या पातळीवरच्या ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करवून घ्यायचा प्रकार) स्वार टॉप हॅट, म्हणजे उंच काळी टोपी, घालायचे. त्या टोपीने डोकं कणभरही वाचत नाही. २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय सराव करताना घोडा अडखळून पडली. हेल्मेट नव्हतं, ती कोमात गेली. त्यानंतर इथे हेल्मेटसाठी मोठी मोहीम झाली. तरीही आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, स्पर्धांत हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं व्हायला २०२१ उजाडलं.

अमेरिकेच्या हंटर गटातही (घोड्याच्या डौलदार उड्यांना गुण देणारा स्पर्धा प्रकार) केस कानांवरून मागे नेऊन सगळेच्या सगळे हेल्मेटच्या आत कोंबायची पद्धत आहे. परीक्षकांना नीटनेटकं दिसतं म्हणून. त्यासाठी मुली सर्रास एक साइज मोठं हेल्मेट घेतात आणि केस मोकळे सोडून स्वारी करायच्या दिवशी तेच ढिलं हेल्मेट वापरतात. लांब, स्वतःचे, दाट केस असणाऱ्यांचाही प्रश्न नेमका रानजाईचाच आहे. माझ्या मुलीसाठी आम्ही ठरवलं की स्पर्धेलाही केस खालीच बांधायचे. त्यामुळे तिचं काही बिघडलं नाही.

इथल्या कृष्णवर्णीय स्वार बायकांकडून मी बरंच शिकले. डोक्यालगतच्या बारीक वेण्या, शिवलेले केस, हे त्यांच्यासाठी रोजचं आहे. त्यांतल्या काही जणी वेण्या सपाट घालून घेतात, सगळी टोकं मानेवर आणतात, आणि केशरचना बदलली की हेल्मेट पुन्हा तपासतात. काहींकडे त्यासाठी वेगळ्या मापाची दोन हेल्मेट असतात.

टेम्सकाठ

मुलगी इंग्लंडमध्ये पोनी क्लबला जाते. त्यांच्याकडे लांब केस सुरक्षित बांधलेले असावेच लागतात, कशात अडकू नयेत आणि टाळूला इजा होऊ नये म्हणून. मी तिला मधून भांग पाडून मानेपाशी दोन सैल तिपेडी वेण्या घालते, त्या एकमेकींवर दुमडते आणि जाळी लावते. हेल्मेटच्या आत नुसते चपटे विंचरलेले केस जातात. अंबाडा मानेच्या खळीत, हेल्मेटच्या कडेच्या खाली. तो मोठा झाला तर मान मागे टाकताना हेल्मेटला पुढे ढकलतो, तेव्हा चपटाच हवा.

सागरवेणी मात्र घालू नका. डोक्यावरून जाणारा तिचा जाड कणा बरोबर मध्यभागी टेकतो आणि हेल्मेट त्यावर डुगडुगतं.

ड्रेसाजवाल्या कितीतरी जणी इथे तयार, खोटा अंबाडा मानेपाशी लावतात. हेल्मेटच्या पूर्ण बाहेर, जाळीने धरलेला. रानजाई, तुम्हाला टेप अजिबात न लावता स्वारीपुरता असा अंबाडा चालेल का? आपलं गंगावनच की.

पागा_नाशिक

घरी घोडी आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेला दरवर्षी जातो. घोड्याच्या बाजूने लिहितो. मोकळी लांब वेणी पाठीवर हलत राहिली तर तरणं जनावर बिचकू शकतं, पण खरी भीती खाली उतरल्यावरची आहे. लगाम चढवताना, खोगिराचा तंग आवळताना बाई वाकते, वेणी पुढे येते, बकलात अडकते. घोड्याने मान झटकली तर केस मुळासकट येतात. चघळायची खोड असलेलं घोडं वेणी तोंडातही धरतं. टेपचे केस निदान सुटून येतील, पण ते घोड्याच्या पोटात जायला नकोत. म्हणून पागेत शिरतानाच केस बांधलेले असावेत आणि स्वारी संपली तरी पागेतून बाहेर पडेपर्यंत बांधलेले राहावेत.

परदेशात घोड्यांनाही शेपटीला खोटे केस लावतात हे हडसनपार यांना ठाऊक असेल. अमेरिकेच्या शोमध्ये सर्रास दिसतं. तिथेही नीट बांधलं नाही तर शेपटीची ओढ जनावराला छळते.

गिरगावची_वहिनी

धाग्याच्या विषयाला लागूनच आहे म्हणून इथे विचारते. पाडव्याच्या शोभायात्रेत माझी पुतणी घोड्यावर बसणार आहे, नऊवारी, गंगावन लावून खोपा आणि त्यावर फेटा. ती नीट शिकलेली आहे, दोन वर्षं महालक्ष्मी रेसकोर्सला स्वारीसाठी जाते. तरी आई म्हणून तिच्या आईला घोर लागलाय. हेल्मेट घातलं तर वेश बिघडतो म्हणतात.

रिकीब

वहिनी, जाऊबाईंचा घोर योग्य आहे. रिंगणातला घोडा आणि ढोल-ताशाच्या पथकामागे चालणारा घोडा यांत फार फरक असतो. डांबरी रस्त्यावर नाल घसरतो. फटाका वाजला, झांज दणकली, कुणी मोबाइल तोंडापुढे धरला, की शहाणं जनावरही उधळतं. फेटा आणि खोपा मिळून डोक्याचं काहीही रक्षण करत नाहीत. उलट खोप्याचे आकडे आणि पिना टाळूवर उभ्या असतात.

असं करा. हेल्मेटवर चढवायचं कापडी कव्हर मिळतं, जॉकी घालतात तसं. भगव्या कापडाचं शिवून घ्या, पुढे पातळ जरीचा काठ आणि बाजूला तुरा नुसता टाके घालून, सहज तुटेल असा. लोंबणारा शेमला नको. गंगावन खोप्यात न घालता मानेखाली सैल वेणीत घाला, तीही शालूच्या पदरात खोचून. नथ काढा किंवा चापाची घाला. सोबत त्या घोड्याला ओळखणारा मोतद्दार पूर्ण वेळ लगामाशी हवा, आणि घोडा पथकापासून लांब. आयोजकांनी हेल्मेटला नाही म्हटलं तर तिने पायी चालावं. मी माझ्या मुलींना हेच सांगते.

गिरगावची_वहिनी

कव्हरची कल्पना दोघींनाही पटली. उद्याच मापाला देते.

रानजाई

सगळ्यांचं वाचून पार्लरमध्ये जाऊन आले. कानशिलांवरचे आणि भांगालगतचे टेप काढून टाकले. मागच्या अर्ध्यात, पेन्सिलच्या खुणेच्या आत, एकाच बाजूचे मोजके टेप ठेवले आणि लांबी खांद्यापर्यंत आणली. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं आहे. स्वतःचं हेल्मेट घेतलं, माझ्या खऱ्या मापाचं, आणि कँटरला ते जागेवर राहतं. ठणका थांबला.

भांगाचं काय करायचं हा प्रश्न आहेच. ऑफिससाठी क्लिपचा छोटा टॉपर घेतला, तो बॅगेत डबीत असतो, स्वारी झाल्यावर लावते. टेम्सकाठ, हे टेप उतरले की पुढच्या वेळी तुमचा अंबाडाच करून बघेन.

निळीसावली

उशिरा आले. घोड्यावर कधी बसले नाही, पण टेपचे एक्स्टेन्शन्स आहेत आणि रोज कोथरूड ते हिंजवडी स्कूटर. फुल फेस हेल्मेट काढताना कानामागचे टेप ओढले जातात. हेच सगळं लागू होतं का?

वेणीफणी

हो, मापाचं आणि जागेचं सगळं तसंच. फुल फेसमध्ये ओढ जास्त बसते कारण ते डोक्यावरून खाली सरकवावं लागतं. घालताना आणि काढताना दोन्ही पट्टे धरून बाहेरच्या बाजूला ताणा, मग कडा कानांना घासत नाहीत. कानामागे टेप नको. आत पातळ, गुळगुळीत नसलेली सुती टोपी. केस मानेपाशी एका सैल वेणीत. आणि क्लिपवाले असतील तर ऑफिसला पोचल्यावरच लावा.

रिकीब

आणि निळीसावली, स्कूटरच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघून घ्या. केसांसाठी मोठी साइज तिथेही नको.